चेंडू सुटला म्हणून रागावू नकोस
अगं, बालवाडीत नवीन आहेस म्हणून सांगते. तीन वर्षांचं पोर चेंडू आला की डोळे मिटतं, हात ताठ पुढे धरतं. ते घाबरट नाही, वयच तसं आहे. पुढे ते चेंडू छातीशी कवटाळायला लागतं. नुसत्या पंजांनी झेलणं सहा-सात वर्षांचं होईस्तोवर नीट जमत नाही. तोवर जुन्या मोज्यात चिंध्या भरून मोठा, मऊ चेंडू कर आणि अगदी जवळून, सांगून टाक. लंगडीत चौथ्या वर्षी दोन-चार उड्या आल्या तरी खूप. आधी भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहू दे. चालण्यावरून मात्र आयांना उगाच घाबरवू नकोस; निरोगी बाळं ८ ते १८ महिन्यांत कधीही एकटी चालू लागतात. १८ महिने उलटले तर डॉक्टरांकडे पाठव.