जुन्या कृष्णधवल प्रणयविनोदी चित्रपटांची गोडी लागण्यासाठी सुरुवात कोठून करावी?

माझ्या मते सुरुवात दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या 1934 सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’पासून करावी. वडिलांवर रुसून घर सोडलेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गमावलेला बातमीदार मायामीहून न्यूयॉर्कला निघालेल्या बसमध्ये भेटतात, एवढीच ही कथा. पण क्लॉडेट कोल्बेर आणि क्लार्क गेबल यांच्या भांडणातून प्रेम ज्या सहजतेने उमलत जाते, ते पाहताना पडद्यावर रंग नाहीत याचा विसर पडतो.

त्यातील एक प्रसंग मला विशेष प्रिय आहे. पैशांअभावी दोघांना रात्री एकाच खोलीत राहावे लागते, तेव्हा तो दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून त्या दोरीवर घोंगडी टाकतो आणि त्या पडद्याला, बायबलमधील जेरिको शहराच्या तटावरून, ‘जेरिकोची भिंत’ म्हणतो. स्पर्श नाही, प्रेमाची कबुली नाही, तरीही त्या अंधूक उजेडात मनातली ओढ स्पष्ट जाणवते. ऑस्करची पाचही प्रमुख पारितोषिके या चित्रपटाला मिळाली, हे मला योग्यच वाटते.

या चित्रपटांतील विनोद मुख्यतः संवादांच्या वेगात असतो, म्हणून ते हातातला मोबाईल बाजूला ठेवून, शक्यतो मूळ आवाजात आणि उपशीर्षकांसह पाहावेत. पहिली काही मिनिटे कान सरावण्यात जातात, तेवढा धीर अवश्य धरावा.

त्यानंतर राज कपूर आणि नर्गिस यांचा 1956 सालचा ‘चोरी चोरी’ पाहावा, कारण तो याच कथेवर बेतलेला आहे आणि शंकर-जयकिशन यांच्या संगीताने त्याला स्वतःचा गोडवा दिला आहे.