टेप घ्या आणि भिंतीला टेकून बसा

मागच्या अंकात मी दाबोळीला विमानांच्या सीटवर काम करायचो एवढं एक वाक्य लिहिलं आणि पत्रांची रांगच लागली, चतुर्थीला गावात आरती चालू असताना पण दोघांनी बाजूला घेऊन विचारलं. सगळ्यांचं एकच, उंची किती लागते, माझी पुरते का, जास्त तर नाही ना. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवतोय, सगळा कॉलम यावरच. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, नेव्हीत विमानांच्या सीटा उघडून बंद केलेला माणूस आहे.

प्रश्न : काका, मी साखळीची, बारावी सायन्सला आहे. एनडीएचा फॉर्म भरायचाय आणि फायटर पायलटच व्हायचंय. उंची १६१ सेंटिमीटर आहे, १६२.५ लागते म्हणतात. ओळखीतला एक जण पावडर विकतो, सहा महिन्यांत दोन सेंटिमीटर वाढतात म्हणतो, डबा साडेतीन हजारांचा. आई म्हणते घेऊन बघूया. आजी म्हणते मुलींना फायटर देतच नाहीत. काय करू?

डबा घेऊ नको बाय. साडेतीन हजारांत साखळी ते पणजी किती वेळा ये-जा होईल बघ, क्लासला जा त्या पैशांनी. हाडं लांब होतात ती टोकाच्या कूर्चेमुळे, ती कूर्चा एकदा हाडात मिसळली की संपलं, मग पावडर खा नाहीतर बारला लटक. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा लवकर होतं. तुझं झालंय की थोडं बाकी आहे हे मनगटाच्या एक्स-रेवरून डॉक्टर सांगू शकतात, पावडरवाला नाही.

पण त्याच्या आधी मला सांग तू मोजलंस कधी आणि कशाने? दारावर पेन्सिलची खूण, संध्याकाळी, बॅडमिंटन खेळून आल्यावर, असंच ना? दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि माणूस रात्रीपर्यंत साधारण सेंटिमीटरभर कमी होतो, सगळ्यांचंच होतं. सकाळी उठल्या उठल्या, अनवाणी, टाच, पाठ, डोकं भिंतीला, आणि डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून खूण कर, आईला करायला सांग, स्वतः केलीस तर मान वर जाते. तीन दिवस कर. १६२.५ च्या आसपास आली तर फॉर्म भर आणि मेडिकलला काय होतं ते होऊ दे. तरीही १६१ च आली तर आधी तो एक्स-रे काढ, उंची अजून वाढणार आहे असं रेडिओलॉजिस्टने सांगितलं तर एनडीएच्या पोरांना कमी वयामुळे थोडी सवलत मिळू शकते, नाहीतर फ्लाइंगचा नाद सोड. पण एअर फोर्स सोडायची गरज नाही, ग्राउंड ड्युटीला मुलींना १५२ चालते, आणि फॉर्म भरताना ब्रांचचा क्रम तूच लावायचा असतो, तेव्हा विचार करून लाव.

आणि आजीला सांग, २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी एअर फोर्सच्या पहिल्या महिला फायटर पायलट म्हणून कमिशन झाल्या. नेव्हीत तर २०२५ च्या जुलैमध्ये आस्था पूनिया ही फायटरच्या बाजूला निवडलेली पहिली मुलगी. एनडीएतून मुलींची पहिली बॅच त्याच वर्षी मे महिन्यात बाहेर पडली, १७ जणी. म्हणजे आजीचं म्हणणं २०१६ च्या आधी बरोबर होतं.

प्रश्न : मी म्हापशाचा, वय १८, उंची १८८, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. सगळे म्हणतात तू कॉकपिटमध्ये मावणारच नाहीस. नियमात जास्तीत जास्त उंची किती ते मला कुठेच सापडत नाहीये.

सापडणार नाही, कारण उभं राहून मोजलेली उंची हा फक्त दरवाजा आहे, आत माणूस तुकड्यातुकड्यांनी मोजतात. तुझ्यासाठी महत्त्वाचे आकडे तीन. बसलेली उंची कमीत कमी ८१.५ आणि जास्तीत जास्त ९६ सेंटिमीटर. पायाची लांबी ९९ ते १२०. आणि मांडी जास्तीत जास्त ६४. मांडीला खालची मर्यादा नाही, फक्त वरची आहे, का ते पुढे सांगतो.

घरी कसं मोजायचं तर जमिनीवर नाहीतर पाटावर भिंतीला पाठ आणि बूड घट्ट टेकवून ताठ बस, पाटापासून टाळूपर्यंत जे येतं ती बसलेली उंची. पाय सरळ समोर पसरून भिंतीपासून टाचेपर्यंत, ती पायाची लांबी. मग खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात, भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत, ती मांडी. टेलरची कापडी टेप वापरू नको, ती वापरून वापरून ताणलेली असते, सुताराची लोखंडी घे. तुझ्या उंचीचा माणूस बसून साधारण ९६-९७ भरतो आणि मांडी ६४ च्या आगेमागे येते, म्हणजे तू बरोबर उंबऱ्यावर आहेस. तुझे पाय लांब आणि धड आखूड असेल तर बसलेली उंची आरामात बसेल पण मांडी अडकेल, उलट असेल तर उलटं. तुझ्या टीममधला तुझ्याच उंचीचा दुसरा पोरगा पास होईल आणि तू नाही, किंवा तू होशील आणि तो नाही, यात नशीब वगैरे काही नाही, टेप आहे.

आता मांडीचं. बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, गोव्यात राहून अर्ध्या लोकांनी बघितलेलं नसतं. तिथे सी हॅरियर उभं आहे, हे विमान १९८३ पासून २०१६ पर्यंत आपल्या दाबोळीवरून उडायचं. त्याच्या कॉकपिटच्या काचेकडे नीट बघ, काचेवर वाकडीतिकडी नागमोडी रेघ दिसेल, लोकांना वाटतं काच तडकलीय. ती स्फोटकाची दोरी आहे. पायलटने सीटचं हँडल ओढलं की आधी ती दोरी फुटून काचेचे तुकडे होतात, आणि लगेच सीट माणसाला घेऊन त्याच जागेतून वर जाते. त्या क्षणी अंगावर स्वतःच्या वजनाच्या १२-१५ पट भार येतो आणि हँडल ओढल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंत सगळं दोन-तीन सेकंदांत. आता विचार कर, तुझ्या गुडघ्यांच्या समोर काय आहे? डॅशबोर्डची लोखंडी कड. सीट सरळ वर जाते, मागे सरकत नाही. मांडी लांब असेल तर गुडघा कडेखाली अडकतो, सीट थांबत नाही. म्हणून ६४. आणि डोकं फार वर असेल तर काचेला लागतं, म्हणून ९६. मेडिकलला पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढतात तो पण याच कारणाने, वाकडा कणा हा भार नीट झेलत नाही.

आमच्याकडे नवीन आलेली पोरं सीट बघून म्हणायची ही तर सोफ्यापेक्षा टणक, मी म्हणायचो बाबा टणकच पाहिजे, खाली मऊ गादी असेल तर सीट आधी गादी दाबते आणि मग एकदम पाठीवर आपटते. म्हणून बुटका पायलट खाली उशी घेऊन बसू शकत नाही. हा प्रश्न पण तीन पत्रांत होता, त्यांनी इथेच उत्तर वाचावं.

आणि खालची मर्यादा? ती दिसण्यासाठी आणि पोचण्यासाठी. जहाजावर उतरताना विमानाचं नाक वर असतं, पायलटचे डोळे एका ठराविक उंचीवर नसतील तर नाकावरून डेक दिसतच नाही. सीट वर करता येते, पण वर केली की पाय पॅडलपासून लांब जातात, आणि पट्टे आवळलेले असताना पॅडल शेवटपर्यंत दाबता आलं पाहिजे, नुसतं टेकून उपयोग नाही. ८१.५ आणि ९९ हे दोन आकडे असे एकमेकांना बांधलेले आहेत.

प्रश्न : एवढी मोजामोज कशाला? सरासरी माणूस धरून विमान बनवा, सीट पुढे-मागे करा, झालं. माझ्या स्कूटरला जमतं ते करोडोंच्या विमानाला का जमू नये? (फोंडा)

तुमची स्कूटर कोणाला वर फेकत नाही म्हणून. पण तुमचा प्रश्न अमेरिकेत १९५० साली खरंच विचारला गेला होता. त्यांच्या एअर फोर्सने ४,०६३ पायलट मोजून काढले, आणि गिल्बर्ट डॅनिएल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं घेतली, उंची, छाती, बाहीची लांबी वगैरे, आणि बघितलं की दहाच्या दहा मापांत मधल्या गटात बसणारे किती. सगळ्यांना वाटलं पुष्कळ निघतील. निघाला शून्य. एकही नाही. कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची छाती रुंद तर कंबर बारीक. म्हणजे सरासरी माणसासाठी बनवलेलं कॉकपिट कोणालाच नीट बसत नव्हतं. मग वरखाली होणारी सीट, पुढेमागे होणारी पॅडल हे सगळं रुळलं. तुमच्या स्कूटरपर्यंत ते मागाहून आलं असं समजा. पण सरकवायला पण हद्द असते, आणि ती हद्द म्हणजेच हे आकडे.

प्रश्न : भाचा ५१ किलोचा आहे, उंची बरोबर आहे. बारीक असल्याने काढतील का? (चिखली, वास्को)

वजन उंची आणि वयाच्या हिशेबाने बघतात, आणि वजन ही एकच गोष्ट आहे जी घरी बदलता येते, त्यामुळे घाबरू नका. बारीक माणसाची काळजी सीटवाल्यांना पण असते. एफ-३५ या फायटर विमानाच्या सीटवर ६२ किलोच्या खालच्या पायलटना अमेरिकेने २०१५ मध्ये बंदी घातली होती, मानेला धोका म्हणून, सीट सुधारून २०१७ मध्ये उठवली. भाच्याला सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी नुस्त्याची कडी, आणि जिमला पाठ-मानेचा व्यायाम द्या. पावडरचे डबे इथेही नकोत.

प्रश्न : युरी गागारिन तर ५ फूट २ इंचाचा होता! तो अंतराळात जाऊ शकतो आणि आमची पोरं मिगमध्ये नाही, हा अन्याय नाही का? (डिचोलीचे एक मामा, भाचीच्या वतीने)

मामा, गागारिन १५७ सेंटिमीटरचा होता हे खरं, आणि त्याच्या निवडीत त्याची मदतच झाली. त्याचं यान व्होस्तोक एवढंसं होतं की फार उंच आणि जड माणूस घेतच नव्हते. तिथे बुटकेपणा कामाचा होता, आणि व्होस्तोक बरंचसं आपणहून उडायचं, पॅडल दाबायला नव्हतीच. ज्या यंत्राला जसा माणूस लागतो तसा.

पण तुमचा राग अगदीच फुकट नाहीये. १६२.५ सेंटिमीटर म्हणजे किती? जवळपास ६४ इंच, म्हणजे ५ फूट ४. अमेरिकेच्या एअर फोर्सचा आकडा पण वर्षानुवर्षं हाच होता. २०२० च्या मे महिन्यात त्यांनी ही दारावरची अट काढून टाकली, कारण विशीतल्या त्यांच्या ४४ टक्के मुली या एका आकड्यावर अडकत होत्या. आता तिथे प्रत्येकाला मोजून कुठल्या विमानात बसतो ते बघतात, एका विमानात नाही बसला तर दुसऱ्यात. मला विचाराल तर हेच बरोबर वाटतं, कारण नेव्हीच्या डॉर्नियर विमानात ही वर फेकणारी इजेक्शन सीटच नाही, तिथे मांडी ६६ असली म्हणून काय बिघडतं? पण आपल्याकडे आज नियम १६२.५ आहे, हेलिकॉप्टरला पण तोच, आणि भाचीला आजच्या नियमावर फॉर्म भरायचाय. नेव्हीच्या पायलटलाही हीच किमान उंची.

प्रश्न : एअरलाइनच्या पायलटला पण हेच? (मडगाव)

नाही. नागरी पायलटना परवाना देणाऱ्या डीजीसीएच्या मेडिकलमध्ये असा ठरलेला उंचीचा आकडा नाही. हात-पाय कंट्रोलला पोचले पाहिजेत, बस. तुमची अडचण उंची नसून फी असेल.

प्रश्न : सीपीएसएसची टेस्ट द्यायला जायच्या आधी मापं घ्यावीत का तिथेच कळतील? (पेडणे)

आधी. सीपीएसएस म्हणजे पायलट निवडायची कॉम्प्युटरवरची टेस्ट, ती आयुष्यात एकदाच देता येते, तिकीट काढून डेहराडून, म्हैसूर अशा लांबच्या ठिकाणी जायचं आणि तिथे जाऊन पाय ९८ निघाले म्हणजे काय करणार? टेपला पाचशे रुपये पण लागत नाहीत.

प्रश्न : मी पाचवीत आहे. माझी उंची १३० आहे. मला विमान आतून बघायचंय. (वास्को)

बाबांना सांग रविवारी बोगमाळोला न्यायला. आत बसू देतीलच असं नाही, पण सी हॅरियरच्या काचेवरची नागमोडी रेघ शोध आणि बाबांना विचार ती काय आहे, त्यांना येणार नाही. सोमवारी जाऊ नका, सोमवारी बंद असतं.