ब्राउझर एका सर्व्हरकडून एका वेळी सहाच फाइली का मागवतो?

पानावर तीस चित्रं आहेत, सहा-सहाच्या घोळक्यानं येतात, म्हणून सर्व्हर मंद आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही, हात आखडता ब्राउझरच घेतोय.

एचटीटीपी १.१ मध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांची जुनी आवृत्ती) एका कनेक्शनवर एका वेळी एकाच विनंतीचं उत्तर येतं. मग जास्त कनेक्शनं उघडायचा मोह होतो. पण प्रत्येकाला सर्व्हरची मेमरी लागते, शिवाय टीसीपीचा हँडशेक (कनेक्शन जुळवण्याची सुरुवातीची देवाणघेवाण) आणि एन्क्रिप्शनची बोलणी दर वेळी नव्यानं. एचटीटीपी १.१ च्या १९९९ च्या मानकात तर दोनच कनेक्शनं ठेवा असं सुचवलं होतं. ब्राउझरांनी ते बरीच वर्षं पाळलं, मग आकडा वाढवला. मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत आकडाच काढून टाकला. क्रोम आणि फायरफॉक्स सहावर थांबतात.

ब्राउझरमधल्या डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब उघडा. सातव्या चित्राची पट्टी सुरुवातीला बराच वेळ ताटकळलेली दिसेल, क्रोम त्याला 'स्टॉल्ड' म्हणतो.

पूर्वी लोक चित्रं तीन-चार सबडोमेनवर (साइटच्याच पत्त्याखालच्या वेगळ्या नावांवर) विखरून ही मर्यादा चुकवत, कारण ब्राउझर सहाचा हिशेब प्रत्येक नावासाठी वेगळा ठेवतो. आता तो खटाटोप नको. सर्व्हरवर एचटीटीपी २ ही पुढची आवृत्ती चालू करा (ब्राउझरसाठी एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शन, लागेलच), एकाच कनेक्शनवरून सगळ्या विनंत्या एकदम जातात.