थर्टी फर्स्टला साताऱ्यात घरी २० जण आहेत, पंच कसा करू?

साताऱ्यात आहात म्हणजे निम्मं काम झालंच. तोवर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात आलेली असते. १ किलो चिरा, अर्धा किलो साखर लावून दोन तास झाकून ठेवा. रस आपोआप सुटतो. त्यात १०-१२ लिंबांचा रस, दीड लिटर फिका कोरा चहा (पूर्ण गार झालेला) आणि किंचित जायफळ. चहा म्हटल्यावर नाक मुरडू नका. 'पंच' हा शब्दच आपल्या 'पाच'वरून गेला असं मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी आणि चहा किंवा मसाला.

रम मात्र पातेल्यात ओतू नका. बाटली बाजूला ठेवा, हवी त्याने ग्लासात ३० मिली घ्यावी. म्हणजे पोरंटोरं, आजी आणि गाडी चालवणारे सगळे एकाच पातेल्यातलं पितात.

बर्फ आदल्या रात्री स्टीलच्या डब्यात एकसंध गोठवा. मोठा गोळा हळू वितळतो, पंच पाणचट होत नाही. सोडा २ लिटर, पण अगदी वाढताना. मी एकदा तासभर आधी ओतला होता, पाहुणे गुमान सरबत पिऊन गेले.