कॉम्प्युटर टीव्हीला जोडताना

आधी कॉम्प्युटरची मागची बाजू बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) बसवलेलं असेल तर एचडीएमआय केबल त्याच्याच पोर्टात लावा. वर, यूएसबीच्या शेजारी असलेलं पोर्ट मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाचं. तिथे लावली की बहुतेक वेळा 'नो सिग्नल' दिसतं आणि नवीन माणूस उगाच केबलला दोष देतो. केबल टीव्हीच्या ज्या क्रमांकाच्या पोर्टात लावली, टीव्हीवर इनपुटही त्याच क्रमांकाचं निवडा.

चित्र आलं, पण टास्कबार कडेला कापला जातोय? हे ओव्हरस्कॅन. विंडोजमध्ये खटपट करू नका, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. अक्षरं फिसकटलेली दिसत असतील तर त्या इनपुटला 'पीसी' असं नाव द्या. बऱ्याच टीव्हींवर एवढ्यानेच रंगीत अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात, म्हणून हे जरूर करून बघा.

आवाज येत नसेल तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा.

फोर-के टीव्हीवर माउस अडखळत असेल तर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं ते, तपासा. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीवर फोर-के फक्त ३० हर्ट्झपर्यंत चालतं. ६० साठी कार्ड, केबल आणि टीव्हीचं पोर्ट तिन्ही एचडीएमआय २.० च्या क्षमतेचे हवेत. काही टीव्हींवर त्या पोर्टाचा 'एन्हान्स्ड' पर्यायही चालू करावा लागतो.

जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए (मॉनिटरचं जुन्या प्रकारचं पोर्ट) असेल तर साधी व्हीजीए-एचडीएमआय केबल घेऊ नका. व्हीजीएचा सिग्नल ॲनालॉग असतो आणि एचडीएमआयचा डिजिटल, त्यामुळे आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो.