बंद जिनिंगच्या जागेवर वाड्यासारखी घरं बांधायची असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वऱ्हाडातल्या गावाबाहेर आजोबांच्या वेळची जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना, वीसेक वर्षांपासून बंद आहे. जागा पाच एकर. बिल्डर म्हणतो प्लॉट पाडा. तुम्हा भावंडांना मात्र तिथे शेतावरच्या जुन्या वाड्यासारखी, कमी विजेत आणि कमी पाण्यात निभणारी आठ-दहा घरं हवी आहेत. सुरुवात कुठून करायची?

मी विदर्भातच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. माझं मत आधीच सांगतो: नवा नकाशा काढू नका, जिनिंगचाच नकाशा पुढे न्या. जिथे शेड, फरशी आणि रस्ता होऊन जमीन आधीच मेलेली आहे, घरं तिथेच बसवा. उरलेली जमीन मातीला आणि झाडांना परत द्या. प्लॉट पाडले की पाचही एकरांत रस्ते, गटारं आणि कंपाउंडच्या भिंती फिरतात, आणि मग वाड्यासारखं उरतं ते फक्त कमानीचं फाटक.

या जागा मुळात विचार करून निवडलेल्या असतात. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७०मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोचला, पुढे गावोगाव जिनिंग उभ्या राहिल्या. बैलगाड्या पावसाळ्यानंतर अडकू नयेत म्हणून उंच, निचऱ्याची जागा बघितली जाई. आगीच्या भीतीनं विहीर किंवा हौद हाताशी असे. २०००मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, नवी यंत्रं आली, आणि ज्यांना तो खर्च झेपला नाही अशा कितीतरी जिनिंग मागे पडल्या. तुमचीही त्यातलीच दिसते.

आता कागद. सातबाऱ्यावर औद्योगिक बिनशेती लिहिलेली असेल तर ती राहण्यासाठीची बिनशेती नव्हे. वापर बदलण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. प्रादेशिक योजनेत जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते पाहा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर वाट बरीच सोपी होऊ शकते. तहसीलमध्ये सध्याची पद्धत विचारून घ्या, कारण बिनशेतीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, तर नाही ना, वीजबिल आणि कामगारांची देणी थकलेली आहेत का, हे सगळं बांधकामाचा विचार करण्याआधी. आणखी एक: घरं विकायची असतील आणि ती आठांपेक्षा जास्त असतील आणि जमीनही ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याखालची, नोंदणी येते. पाच एकर म्हणजे सुमारे २०,००० चौरस मीटर, तेव्हा जमिनीची मर्यादा ओलांडलेलीच आहे; बाहेरच्या एकाला जरी घर विकायचं म्हटलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय जाहिरात करू नका.

यानंतर जमिनीच्या पोटात काय आहे ते बघा. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. जिनिंग म्हणजे रसायनांचा कारखाना नव्हे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण ठरावीक जागा घाण असतात. इंजिनघर. डिझेलची टाकी, विशेषतः जमिनीखाली पुरलेली असेल तर. यंत्रांच्या ओळीखालून शाफ्ट जायची ती चर, जिथे कित्येक हंगामांचं तेल आणि ग्रीस मुरलेलं असतं. बॉयलरची राख टाकायची जागा. जुना ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. आणि बियाणं किंवा फवारणीची औषधं ठेवलेलं गोदाम. या प्रत्येक ठिकाणची माती वेगवेगळ्या पिशवीत घ्या, सगळी एकत्र कालवू नका. कृषी खात्याची नेहमीची माती परीक्षा इथे पुरत नाही. ती सामू आणि नत्र-स्फुरद-पालाश सांगते, तेल आणि जड धातू सांगत नाही. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून पेट्रोलियमचा अंश, शिसं, आर्सेनिक, क्रोमियम अशा तपासण्या नावानिशी मागा.

तेलानं थोडी खराब झालेली माती शेणखत घालून, ओलसर ठेवून, वरचेवर पालथी करत ठेवली तर जिवाणू तेल खातात. टेरी या संस्थेनं ‘ऑइलझॅपर’ नावाचं जिवाणूंचं मिश्रण याच कामासाठी तयार केलं आहे. पण चिकट काळा गाळ किंवा ट्रान्सफॉर्मरचं तेल निघालं तर घरगुती उपाय नको. प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून ते नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था करा. छपरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. पाणी मारून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे, आणि मजुरांना धूळ अडवणारे चांगले मास्क द्यायचे, नुसता रुमाल नव्हे. ते पत्रे कोणाच्या गोठ्यावर जाऊ देऊ नका, भरावातही घालू नका. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण गावाकडे पत्रा फुकट मिळाला की कोणी नाही म्हणत नाही.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात क्षार बघावे लागतात, यवतमाळकडे फ्लोराइड. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला नाही, बाकी वापराला चालेल. पिण्यासाठी छपराचं पाणी साठवा. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० चौरस मीटर छपरावर ९०,००० लिटर पडतं. सांडलं-उडालं वजा करून ७०,००० तरी हाती लागावं.

इमारतीकडे या. जुन्या शेडच्या सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, टोचून बघा, वाळवी बहुतेक टोकांना, भिंतीत घुसलेल्या भागात लागलेली असते. टोकं बदलता येतात, अख्खी कैची टाकून द्यायची गरज नसते. भिंती चुन्यातल्या असतील तर त्यावर सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि विटा भुगा होतात. मोठी शेड फोडून तिथे घरं करण्यापेक्षा ती सगळ्यांची ठेवावी: लग्नकार्य, धान्य, अवजारं, मुलांचा पावसाळ्यातला खेळ. घरं तिच्या दोन बाजूंना, मधल्या फरशीच्या आवाराकडे तोंड करून, एकाला एक लागून. लागून बांधली की ऊन लागणाऱ्या भिंती निम्म्या होतात. पश्चिमेला न्हाणीघर, कोठी, जिना असं काहीतरी घाला म्हणजे ४५ अंशांचं ऊन झोपायच्या खोलीपर्यंत येत नाही. पुढे खोल ओसरी हवीच. जाड भिंतींना पाडकामाच्या विटा वापरा. छपरासाठी वर्ध्याजवळ दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसचं शंकूच्या आकाराच्या मातीच्या नळ्यांचं कमानी छप्पर जाऊन बघा. लोखंड लागत नाही आणि कुंभाराला काम मिळतं.

जुन्या फरशीवर घरं बसवायचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाची घरं तडकवते. जुन्या शेडखाली बहुतेक मुरूम भरून दाबलेला असतो. पण त्यावर विसंबू नका, चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे ते डोळ्यांनी बघा.

कापसाच्या गंज्या लागायच्या ते मोकळं आवार गाड्यांनी दाबून टणक झालेलं असेल. तिथे लगेच झाडं लावू नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करा, मग धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडा, नंतर तूर घ्या. तुरीचं मूळ खाली फोडत जातं. दोन-तीन पावसाळे जातील. कुंपणाचे जुने कडुनिंब मात्र एकही तोडू देऊ नका. सांडपाण्यासाठी आवाराच्या उताराच्या टोकाला गाळाची टाकी आणि पुढे कर्दळीचा वाफा ठेवा, तेच पाणी फळझाडांना जाईल.

पाया खणण्याआधी भावंडांनी एक दस्त नोंदवून घ्यावा: घर ज्याचं त्याचं, पण विहीर, शेड, आवार आणि शेतजमीन सामायिक आणि न वाटण्याजोगी. कोणाला आपला हिस्सा विकायचा झाला तर आधी घरातल्यांना विचारायचं, किंमत कशी ठरवायची, पंप आणि छपराच्या दुरुस्तीला कोणी किती द्यायचं, हेही त्यातच लिहा. बिल्डरला उत्तर द्यायचं ते त्यानंतर.