नागोयाला निघालेल्या मित्रास, दुपारच्या जेवणाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

जपानमधल्या नागोयाच्या नोकरीचे नक्की झाल्यापासून तू राहण्याची जागा, थंडीचे कपडे आणि भाषा यांविषयी बारकाईने विचारलेस. दुपारच्या जेवणाचा विषय मात्र 'चोवीस तास उघडी असणारी दुकाने आहेतच, तिथून काहीतरी आणून कामाच्या टेबलावरच खाईन' एवढ्यावर मिटवलास. म्हणून आज फक्त त्याविषयीच लिहितो आहे. त्या शहरात बरीच वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, नवख्या आणि एकट्या माणसाला आपलेसे करण्याचे काम तिथली लहान, स्वतंत्र कॉफीची दुकाने जितके करतात, तितके दुसरे कोणीही करत नाही.

या दुकानांना तिथे किस्सातेन म्हणतात. त्यांतले पहिले १८८८ मध्ये टोकियोच्या उएनो भागात निघाले, असे मानले जाते. १९८१ च्या सुमारास देशभरात अशी दीड लाखाहून अधिक दुकाने होती. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. मालक थकले, मुलांनी दुसरे व्यवसाय धरले आणि कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात शंभर येनच्या आसपास कॉफी मिळू लागली. तरीही नागोया आणि तिच्या आसपासची गावे या बाबतीत श्रीमंत आहेत. शेजारच्या इचिनोमिया गावातले कापड गिरण्यांचे मालक मागांच्या खडखडाटात बोलणे होईना म्हणून व्यवहाराच्या बैठकी कॉफीच्या दुकानात घेत आणि दुकानदार कॉफीबरोबर शेंगदाणे व उकडलेले अंडे देत, असे तिथले लोक सांगतात. सकाळी कॉफीच्याच किमतीत टोस्ट आणि अंडे देण्याची त्या भागातली पद्धत तिथूनच पडली म्हणतात.

आता दुपारचे जेवण. साडेअकराच्या सुमारास दाराबाहेर हाताने लिहिलेली पाटी लागते आणि तिच्यावर त्या दिवसाचा एकच बेत असतो: तळलेला मासा किंवा खिम्याची वडी, बारीक चिरलेला कोबी, भात, मिसोचे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सार, आणि थोडे पैसे अधिक दिले की कॉफी. हे सारे साधारण आठशे ते हजार येनमध्ये होते. रुपयांत मांडलेस तर जीव दचकेल, पण त्या शहरात कोणी माणूस ताजे रांधून, ताट समोर आणून ठेवून याहून स्वस्तात जेवू घालत असेल, असे मला वाटत नाही. हे त्यांना परवडते कसे, ते नीट समजून घे, कारण तिथे कसे वागायचे हे त्यावरूनच ठरते. बेत एकच असल्याने सामान मोजके आणावे लागते आणि वाया काही जात नाही. स्वयंपाक व वाढणे बहुधा नवरा-बायको दोघेच करतात. दुकान पुष्कळदा त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर असल्याने भाडे नसते. एवढे करूनही एका ताटामागे हाती फारसे उरत नाही, त्यामुळे बारा ते एक या गर्दीच्या तासात खुर्च्या किती वेळा भरतात यावर त्यांचा दिवस अवलंबून असतो. त्या तासात गेलास तर जेव आणि ऊठ. एकटा असशील तर चौघांचे टेबल न अडवता मास्टरसमोरच्या (दुकानाच्या मालकाला तिथे असेच म्हणतात) फळीपाशी बस. निवांत बसायचे असेल तेव्हा दीडनंतर जा, मग एका कॉफीवर तासभर वाचत बसलास तरी कोणी तुला उठवणार नाही.

कॉफी जेवणाबरोबर आणू की नंतर, असे तुला विचारतील. नंतर आण म्हणावे. सायफनवर कॉफी करणारे दुकान मिळाले तर ती होताना अवश्य पाहा. खालच्या काचेच्या गोळ्यातले पाणी ज्योतीवर तापते, वाफेच्या दाबाने नळीतून वरच्या भांड्यात चढते, तिथे मास्टर लाकडी पट्टीने पूड ढवळतो आणि ज्योत काढली की काही क्षणांत तपकिरी कॉफी कापडी गाळणीतून खाली ओढली जाते. आपल्या जिभेला ती प्रथम कडू वाटते, परंतु पहिले दोन घोट तरी साखर न घालता घे. उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्टच्या दमट उकाड्यात, बर्फाची कॉफी माग. तिच्याबरोबर पातळ पाकाची छोटी कुपी येते, कारण गार कॉफीत साखर नीट विरघळत नाही. हिरव्यागार मेलन सोड्यावर आइस्क्रीमचा गोळा घातलेले क्रीम सोडाही एकदा घेऊन पाहा. मोठी माणसे ते मुळीच न लाजता पितात.

तू शाकाहारी आहेस, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मिसोच्या सारात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, आमटीसारख्या दिसणाऱ्या 'करी'मध्ये बहुधा प्राणिज चरबी असते आणि नागोयाच्या गरम लोखंडी तव्यावरच्या लाल स्पॅगेटीत सॉसेज असतात. अंडे चालत असेल तर अंड्याचे सँडविच घे. नाहीतर लोणी लावलेल्या जाड टोस्टवर लाल चवळीसारख्या दाण्यांचे गोड पुरण पसरलेला ओगुरा टोस्ट तुला हमखास आवडेल, आणि त्याने पोटही भरते. काय खात नाही, ते जपानीत कागदावर लिहून पहिल्याच दिवशी, गर्दी नसताना, मास्टरच्या हाती दे. ओळख वाढली की ते आपण होऊन सुचवू लागतात.

पैसे जाताना गल्ल्यापाशी, टेबलावरची चिठ्ठी दाखवून द्यायचे. रोख जवळ ठेव, बक्षिशी ठेवू नकोस, ती घेत नाहीत. काही लहान दुकानांत अजून धूम्रपान चालते. २०२० च्या कायद्यापासून तशी पाटी दारावर असते, ती वाचूनच आत जा.

पहिल्या महिन्यात घराजवळची आणि कचेरीजवळची तीन-चार दुकाने पाहून घे आणि मग एकच धर. तिथे कॉफीची कूपनवही मिळत असेल तर घे. दहा कपांच्या पैशांत बहुधा अकरा कूपने येतात आणि अनेक दुकानांत ती वही गिऱ्हाइकाचे नाव लिहून भिंतीवरच टांगून ठेवतात. रोज बाहेर जेवणे तुला परवडणार नाही, हे मी जाणतो. आठवड्यातून दोनदा जा, पण वार ठरवून जा, म्हणजे त्या वारी तू येणार हे त्यांनाही ठाऊक राहील. पोहोचल्यावर कोणते दुकान धरलेस ते कळव.

तुझा हितचिंतक